बुशशर्टाखालचं रिव्हॉल्वर

माझ्या भाच्याला पिस्तुलाचा परवाना काढायचा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचे टॉवेलचे माग आहेत आणि रात्री नऊ-साडेनऊच्या आधी तो तिथून निघत नाही. मध्यंतरी त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला येताना अडवून लुटलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. परवा मला म्हणाला, "मावशी, आजोबांचं जुनं लायसन्सचं पुस्तक तुझ्याकडंच आहे ना? घरात आधी हत्यार होतं हे दाखवता आलं तर बरं पडेल."

पुस्तक माझ्याकडंच आहे. पण ते त्याच्या हातात देण्याआधी मला त्याला काही सांगायचं आहे, आणि त्याच्यासारखा विचार करणारे आज सोलापुरात पुष्कळ आहेत म्हणून उघडपणे सांगायचं आहे. त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्या रस्त्यानं अंधार पडल्यावर मीही आले आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की कपड्याखाली लपवून फिरवलेलं पिस्तूल या भीतीवरचं औषध नाही. ते आमच्या घरात सतरा वर्षं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सुताचे व्यापारी. १९८६ साली त्यांनी परवाना काढला. तेव्हा बाजार सगळा रोखीचा. वसुलीच्या दिवशी कापडी पिशवीत नोटांची बंडलं घालून ते स्कूटरवरून घरी यायचे. रिव्हॉल्वर पॉइंट बत्तीसचं, सहा गोळ्यांचं, वजनाला पाऊण किलोच्या आसपास. उजव्या कमरेला चामड्याचं कव्हर आणि त्यावर बटणाचा पट्टा. ते दिसू नये म्हणून अण्णांनी शर्ट खोचणं सोडलं आणि बुशशर्ट शिवून घ्यायला लागले. लग्नकार्यातसुद्धा बुशशर्टच. सोलापूरचा उन्हाळा सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात ते चामडं घामानं भिजून कमरेला घासायचं, तिथं काळपट वळ उठायचा आणि रात्री आई त्यावर खोबरेल लावायची. घरी आल्यावर पाणी पिण्याच्याही आधी अण्णा आतल्या खोलीचं दार लावायचे, गोळ्या काढून पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे, रिव्हॉल्वर कपाटाच्या लॉकरमध्ये आणि किल्ली जानव्याला. एखाद्या रविवारी पेपर पसरून त्याला तेलपाणी चालायचं. आम्हा मुलींना त्या खोलीत जायची बंदी होती, पण तो तेलाचा वास दाराखालून यायचा आणि त्या दिवशी आम्ही सगळ्या हळू बोलायचो.

१९९४ मध्ये ज्या प्रसंगासाठी हे सगळं होतं तो प्रसंग आला. पावसाळ्यातली संध्याकाळ, अण्णा एकटेच. मागून मोटारसायकल आली, स्कूटरला लाथ बसली, अण्णा डांबरावर आडवे. दुसऱ्यानं पिशवी उचलली आणि गेले. अण्णांच्या हिशेबानं सगळं दहा सेकंदांत झालं. उजवा हात अंगाखाली अडकलेला आणि कमरेचं बटण तसंच लागलेलं. खांद्याला मार बसला, पैसे गेले. घरी आल्यावर त्यांनी आधी बुशशर्ट वर करून रिव्हॉल्वर जागेवर आहे ना ते बघितलं. त्यांना सगळ्यात मोठी भीती होती, की पैशाबरोबर तेही गेलं असतं तर त्या गोळीनं कुणाचं काय झालं असतं आणि त्याचा जाब कुणी दिला असता.

अण्णा भित्रे किंवा संथ होते असं कुणाला वाटू नये. लुटणारा माणूस वेळ, जागा आणि दिशा स्वतः निवडतो. आपल्याला कळतं तोवर अर्धं काम झालेलं असतं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलात डेनिस ट्यूलर नावाचा प्रशिक्षक होता. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवरून धावत आला तर तो साधारण दीड सेकंदात अंगावर येतो, आणि प्रशिक्षित पोलिसाला कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायला तेवढाच वेळ लागतो, हे त्यानं १९८३ मध्ये मांडलं. पोलिसाला सराव असतो, त्याचं पिस्तूल उघड्यावर असतं आणि माणूस समोरून येतोय हे त्याला दिसत असतं. आपल्याकडं शर्ट वर करायचा, पट्टा सोडायचा, एका हातात स्कूटरचं हँडल, आणि हल्ला मागून. नरेंद्र दाभोलकरांवर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात आणि गोविंद पानसरेंवर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही सकाळी फिरायला निघालेले होते आणि मारेकरी मोटारसायकलवरून आलेले होते. कमरेला पिस्तूल असतं तर ते दोघे वाचले असते असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

यावर भाचा म्हणतो, वापरायची वेळच येणार नाही, धाक राहील. हा मुद्दा मी बरेच दिवस डोक्यात घोळवला आणि माझ्या मते गाठ इथंच आहे. जे दिसत नाही त्याचा धाक कुणाला बसणार? चोराला तुझ्या बुशशर्टाखाली काय आहे ते माहीत नाही, म्हणून तो तुला अडवायचं टाळत नाही. त्याला माहीत व्हावं म्हणून तू ते दाखवलंस, तर तो धाक उरत नाही, ती धमकी होते. कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकानं सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून आणि स्वतःच्या ताब्यात. ते काढून मिरवायला बंदी आहे. लग्नात हौसेनं हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लपवलेल्या पिस्तुलाचा धाक एकाच परिस्थितीत बसू शकतो: रस्त्यावरच्या दर तीन-चार माणसांत एकाकडं ते असेल आणि कुणाकडं आहे ते चोराला ओळखता येणार नाही. अमेरिकेत हा विचार उघडपणे मांडला जातो. तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत आता अंगावर लपवून पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. बाहेर पिस्तूल नेण्यासाठी खास कारण दाखवा असं सांगणारा न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना कायदा त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२ मध्ये रद्द केला. लोक शस्त्र बाळगू लागल्यानं गुन्हे घटतात का, यावर तिथं अभ्यासकांचं भांडण जुनं आहे. त्यांच्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००४ मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितलं, की घटतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही आणि वाढतात असं म्हणायलाही नाही. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. माझा प्रश्न सोलापूरचा आहे. दर चौथ्या माणसाच्या कमरेला पिस्तूल आहे असं धरून नवी पेठ डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या आधीचा रविवार, गाडी लावायला जागा नाही, एकाचा आरसा दुसऱ्याच्या हँडलला लागला. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतली रेटारेटी आणा. मिरवणुकीत डीजे कुणाच्या दारापुढं किती वेळ थांबला यावरून होणारी तणातणी आणा. आपल्या गावात शब्दाला शब्द लागायला वेळ लागत नाही. "काय बे" म्हणून मायेनं हाकही मारतो आणि त्याच दोन शब्दांनी भांडणालाही सुरुवात होते. आज अशी भांडणं गच्ची धरण्यावर, फार तर काठीवर जातात, कुणीतरी मध्ये पडतं, दोघं सिव्हिलला टाके घालून येतात आणि पुढच्या वर्षी एकाच मांडवात जेवतात. पिस्तूल निघालं की मध्ये पडायला वेळच राहत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००३ साली मी अण्णांचा डबा घेऊन गोडाऊनवर गेले होते. दारात एक टेम्पो आडवा लावलेला, अण्णांचा माल अडकलेला. चालवणारा पोरगा वीस-एकवीस वर्षांचा असेल. बोलता बोलता त्यानं अण्णांना आईवरून शिवी दिली. मी अण्णांच्या उजव्या बाजूला हातभर अंतरावर उभी होते. त्यांचा हात बुशशर्टाखाली गेला आणि पट्ट्याचं बटण सुटल्याचा आवाज मला ऐकू आला. चोळीचं टिचबटण काढताना येतो तेवढाच बारीक आवाज. पोराला तो ऐकू गेला नाही, त्याला काही कळलंच नाही, तो बोलतच होता. एका म्हाताऱ्या हमालानं अण्णांचा दंड धरला आणि म्हणाला, "जाऊ द्या की अण्णा, लेकरू हाय." हात बाहेर आला, तेव्हा रिकामाच होता.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "हात मला न विचारता गेला गं."

पुढच्याच महिन्यात त्यांनी रिव्हॉल्वर जमा केलं. मी बरोबर होते. कारकुनानं काडतुसं टेबलावर ओळीनं उभी करून मोजली. घेतली होती पंचवीस, भरली पंचवीस. सतरा वर्षांत अण्णांनी एकही गोळी झाडली नव्हती, सरावासाठीसुद्धा नाही. ज्या हत्याराचा चाप कधी ओढला नाही ते ते सतरा उन्हाळे कमरेला बांधून फिरले होते. कारकुनानं विचारलं, "का देताय?" अण्णा म्हणाले, "वय झालं." दुसऱ्या दिवशी दुकानाला निघताना त्यांनी शर्ट खोचला होता.

आता घरातल्या धोक्याबद्दल, कारण लोक याबद्दल बोलत नाहीत. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीच्या गोळीनं ४८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त, म्हणजे २७ हजारांच्या आसपास, आत्महत्या होत्या. चोरासाठी आणलेली गोळी घरातल्याच माणसाच्या काळ्या क्षणी हाताशी असते. तो क्षण सरून जाणारा असतो, पण गोळी तो सरू देत नाही. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या शहरानं असा एक मृत्यू पाहिला. त्याबद्दल याहून अधिक लिहिणार नाही, ते घराचं दुःख आहे. पण सोलापुरात बसून या विषयावर लिहिताना ते आठवलंच नाही असं मी दाखवू शकत नाही.

मी बाई आहे, तर बायकांचाही प्रश्न येतोच. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीनं 'निर्भीक' नावाचं खास बायकांसाठीचं रिव्हॉल्वर काढलं. पर्समध्ये मावेल असं, अर्ध्या किलोचं, किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात. दिल्लीतल्या त्या मुलीच्या आठवणीनं हे नाव दिलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. आपल्याकडं हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या हजारो बायका आहेत. अंधारात कारखान्यातून घरी चालत येणाऱ्या त्या. एक लाख बावीस हजारांचं संरक्षण त्यांच्यासाठी नव्हतंच. आणि देशात बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी आकडे वर्षानुवर्षं सांगतात. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन दिलेला, कामावरचा. त्याच्या भेटीला जाताना पर्समध्ये पिस्तूल ठेवून कोण जातं?

इतिहासाचा मुद्दा मात्र मला सोपा वाटत नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं आपली हत्यारं काढून घेतली, युरोपियनांना मोकळीक ठेवली, हे खरं आहे. आपण तर सोलापूरकर. मे १९३० मध्ये या गावात पोलिसांच्या गोळ्या चालल्या, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. निःशस्त्र माणसाचं काय होतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको, असं कुणी म्हणालं तर त्याला मी गप्प करू शकत नाही. गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढं ठेवलेल्या अकरा मागण्यांतली शेवटची मागणी स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने द्या हीच होती. १९३१ च्या कराची ठरावातही शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. पण दोन्हीकडं पुढचे शब्द वाचायला हवेत. गांधीजींच्या मागणीत लोकांच्या नियंत्रणाखाली असं आहे, कराचीच्या ठरावात नियमांच्या अधीन असं. आणि डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घाला असा आग्रह धरला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी नकार दिला. जो तो बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. दुबळ्यांवर हत्यार कोण उगारतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

हत्यार बाळगण्याचा मूलभूत हक्क नसला तरी स्वतःला वाचवण्याचा हक्क आपल्याला पुरेपूर आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्यासाठीच आहेत. अंगावर चालून आलेल्यापुढं कायदा माणसाला भित्र्यासारखं वागायला लावत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दर्शन सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलं. पण लागेल तेवढंच बळ, आणि पोलिसांकडं जायला अवधी असेल तर हा हक्क नाही, या अटीही त्यातच आहेत. परवानाधारक पिस्तूलवाल्यालाही गोळी झाडल्यावर हेच न्यायालयात दाखवावं लागतं. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षण ठरणं अवघड असतं.

मग परवाने कुणालाच नकोत? नाही. मंगळवेढ्याकडं किंवा सांगोल्याकडं रानात वस्ती आहे, जवळचं घर अर्ध्या मैलावर, रात्री दरोडा पडला तर ११२ ला फोन लावूनही गाडी यायला जो वेळ लागायचा तो लागणारच. त्या घरात बारा बोअरची बंदूक भिंतीवर असली तर मला त्यात वावगं दिसत नाही. ती दिसते, गावाला माहीत असते, ती घरात राहते. बाजारात, मिरवणुकीत, पार्किंगच्या भांडणात ती खिशातून येत नाही. खटल्यातला साक्षीदार, ज्याला खरोखर धमकी आहे असा माणूस, यांचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो ही माझी तक्रारच आहे. शस्त्र कायद्याच्या १४ व्या कलमात लिहिलंय, की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. प्रत्यक्षात परवाना कुणाकडं असतो ते आपण बघतोच: गळ्यात गोफ, पांढरी गाडी, मागं चार पोरं. बीड जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने होते, ते डिसेंबर २०२४ मधल्या सरपंचाच्या खुनानंतर चर्चेत आलं आणि मग अनेक रद्द झाले. गरज होती म्हणून दिले होते, तर एका वादळात रद्द कसे झाले? आणि गरज नव्हती, तर दिलेच का?

म्हणून माझी मागणी अशी आहे, की शहरात पोलीस आयुक्तांनी आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांनी दरवर्षी नावं न देता एक तक्ता लावावा: किती परवाने, कोणत्या कारणासाठी, त्यातले किती कारण संपल्यावर परत घेतले. निवडणूक आली की हत्यारं जमा करून घेतात, म्हणजे त्यांचा धोका प्रशासनाला पुरता ठाऊक आहे. मग तो मधल्या पाच वर्षांत नसतो का? आणि विनापरवाना हत्यारांचं बघा. देशातले बहुतांश गोळीबारातले खून त्यांनीच होतात. मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येणारा गावठी कट्टा रोखणं हे भाच्याच्या लायसन्सपेक्षा कितीतरी अधिक सोलापूरकरांचे जीव वाचवेल.

भाच्याला मी आणखी एक सांगितलंय. एमआयडीसीतून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत मी त्याच्याबरोबर चालत गेले आणि बंद दिवे मोजले. एकोणीस खांब, चालू सहा. कामगारांचे पगार खात्यावर जातात, तरी माल घेणाऱ्यांचे थोडे पैसे तो अजून रोखीनं आणतो, तेही आठवड्याच्या ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. आसपासच्या कारखानदारांनी नऊ वाजता एकत्र निघायचं ठरवलं तर सहा-सात गाड्या होतात. गस्तीच्या गाडीची वेळ बदलून मागता येते. दिव्यांसाठीचा अर्ज मी लिहून दिला आहे. त्यावर अकरा जणांच्या सह्या झाल्या आहेत, त्याची अजून व्हायची आहे.